हिराजीकाकांचा मोकळा भात

आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं की समोर हिराजीकाका उभे असायचे. कुठे जायला निघालेले नसायचे आणि कुठून आलेलेही नसायचे. अंगात बनियन, खाली चौकड्यांची लुंगी, खांद्यावर टॉवेल, आणि लिफ्टमधून जो कोणी बाहेर पडेल त्याला एकच प्रश्न, "जेवलास?" सकाळी दूध टाकायला येणाऱ्यालाही तोच आणि कुरिअरवाल्यालाही तोच. दूधवाला बिचारा पहिल्यांदा घड्याळाकडे बघायचा, मग काकांकडे.

गेल्या जानेवारीत काका बहिणीकडे वटारला राहायला म्हणून गेले आणि तिथेच एका रात्री झोपेत गेले. त्यांच्या दाराला आता कुलूप आहे. मी ऑफिसातून येते, आमचा मजला आला की जिभेवर उत्तर तयार असतं, "नाही काका, आता जेवणार." ते तसंच गिळून घराची किल्ली शोधते. कोणीतरी आपल्याला रोज हे विचारत होतं, त्याची किंमत तेव्हा कळली असती तर निदान एखाद्या दिवशी नीट थांबून उत्तर दिलं असतं. फार आठवण येते त्यांची.

काका नायगावचेच, खाडीकाठच्या जुन्या शेतकरी घरातले. आमचं अख्खं कॉम्प्लेक्स त्यांच्या आणि त्यांच्या भाऊबंदांच्या भातशेतीवर उभं राहिलंय. त्या बदल्यात त्यांना आमच्या शेजारचा फ्लॅट मिळाला होता. पण ए विंग, बी विंग हे शब्द त्यांनी शेवटपर्यंत तोंडात येऊ दिले नाहीत. त्यांच्या लेखी क्लब हाऊस म्हणजे वडाचं शेत आणि पार्किंग म्हणजे लांबडं शेत. एकदा माझे यजमान गाडीची किल्ली शोधत घरभर फिरत होते, तर काका दारातून म्हणाले, "किल्ली तुमचे गाडीलाच हाय. गाडी लांबड्यान हाय, बांधाच्या कडेला." आमचे हे सरळ खाली गेले आणि गाडी घेऊन ऑफिसला गेले. इतकी वर्षं शेजारी राहून आम्हाला त्या न दिसणाऱ्या बांधांची सवय झाली होती.

आम्ही साताऱ्याकडची माणसं. आमच्याकडे भात येतो तो जेवण संपत आल्यावर, ताक वाढायला निमित्त म्हणून. काकांकडे भात म्हणजेच जेवण. बाकी सगळं, मग ती कोळंबी असो की वालाची आमटी, भाताबरोबर आलेली मंडळी. "तुमी भाकरी खानारी मानसं," ते मला म्हणायचे, "दात बरे हायेत तवर ठीक हाय." भात कसा हवा तर जाड, तांबूस, हाताला लागणारा, भरपूर पाण्यात शिजवून वरची पेज ओतून घेतलेला. ती पेज काका मीठ घालून पितळी पेल्यातून प्यायचे आणि पिऊन झाल्यावर "हाऽऽ" करायचे. तो "हाऽऽ" भिंतीपलीकडे आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

हे सगळं करायच्या त्या काकी. काकांनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा तो फक्त झाकण उचलून वास घ्यायला. काकींची एक पद्धत होती. पातेल्यात मापाने तांदूळ टाकून झाला, पाणी झालं, की शेवटी डब्यातून आणखी एक मूठ टाकायची. तिला नाव होतं, येणाऱ्याची मूठ. माणसं मोजून भात रांधायचा नाही, कोणीतरी येणार आहे असं धरूनच रांधायचा. त्यांच्या सासूने त्यांना तसं शिकवलं होतं आणि शेतावरच्या घरात खरोखरच कोणी ना कोणी यायचं.

टॉवरमध्ये कोण येणार? इथे गेटवरून वॉचमन इंटरकॉम करतो, "अमुक आलेत, सोडू का?" काकांना हा प्रश्नच अपमानास्पद वाटायचा. नाव पूर्ण ऐकून न घेता ते ओरडायचे, "सोड!" असाच एकदा पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणारा एक तरुण सुटला. त्याने बॅग उघडून बोलायला सुरुवात केली तेवढ्यात काकींनी पान मांडलं. तो घामाघूम होऊन म्हणाला, "सर, आधी डेमो..." काका म्हणाले, "आधी जेव. पानी मंग बघू." तो पोटभर जेवला. निघताना काकांना म्हणाला, की तुम्हाला यंत्राची गरज नाही, तुमचं पाणी चांगलं आहे. नोकरीत तो किती दिवस टिकला देव जाणे.

नको म्हणणाऱ्याचा मात्र काकांना भयंकर राग यायचा. आमचे हे एकदा त्यांना "जेवून आलोय" म्हणाले आणि खरंच जेवून आले होते. काका आठवडाभर ह्यांच्याशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलत होते, पण ह्यांना ऐकू जाईल असं. शेवटी हे एका दुपारी उपाशीपोटी त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले, तेव्हा कुठे समेट झाला.

काकी तीन-चार दिवसांच्या तापाने गेल्या. त्यानंतर काका स्वतः रांधायला लागले. भात तोच, पद्धत तीच, मूठही तीच. फक्त लक्ष नसायचं. पातेलं गॅसवर ठेवून ते गॅलरीत जाऊन खाडीकडे बघत बसायचे आणि करपल्याचा वास आमच्या घरात आधी यायचा. मी बेल वाजवली की दार उघडून म्हणायचे, "तुजी काकी हाक मारायची गो, भात झाला म्हनून. मना काय म्हाईत कवा होतो."

काकींच्या वर्षश्राद्धाला त्यांचा मुलगा नीलेश मेलबर्नहून आला, बायको आणि सहा वर्षांच्या ईशाला घेऊन. काकांना ही एकच नात. तिने आजोबांना "आजा" म्हणायचं हे नीलेशने तिकडूनच घोटून घेतलं होतं. ती आली त्या दुपारी काकांनी तिच्यासाठी स्वतः भात केला, गावातून मुद्दाम मागवलेल्या तांबड्या तांदळाचा. ताटात वाढला, मधे खळगं करून त्यात आमटी ओतली आणि समोर बसले. पोरीने बोटाने भात दाबून पाहिला. घरी आईच्या हातचा सुटा बासमती खाऊन वाढलेलं ते लेकरू. तिने एक घास तोंडात घेतला, बराच वेळ तसाच धरला आणि मग ताट हळूच पुढे सरकवून म्हणाली, "सॉरी आजा. हा चिकटलाय."

रडली नाही, हट्ट केला नाही. पुढचे पंधरा दिवस ती पाव-बटर आणि दूध-कॉर्नफ्लेक्स खाऊन मजेत राहिली, आजाच्या खांद्यावर बसून पार्किंगभर फिरली. पण ती मंडळी परत गेल्यावर काका आमच्याकडे येऊन बसले आणि टॉवेलने विनाकारण टीपॉय पुसत राहिले. म्हणाले, "जल्मभर भात पिकवला. आन माजी नात माजे घरान पाव खाऊन गेली." मी म्हटलं, काका, लहान आहे ती. तर म्हणाले, "सॉरी बोलली गो ती मना. पाहुन्यासारी." त्यांना तो नकार लागला नव्हता, ती अदब लागली होती.

जाताना नीलेश एक इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घेऊन ठेवून गेला होता, करपणं आणि गॅस दोन्ही टळावं म्हणून. तो कित्येक महिने खोक्यात होता आणि खोक्यावर वर्तमानपत्रांची रद्दी. मग एक दिवस फोनवर सूनबाई म्हणाली, येत्या डिसेंबरात आम्ही पुन्हा येतोय. काकांनी तिला विचारलं, "ईशा खाते तो भात कसा करायचा?" ती म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे कुकर आहे की. त्यात छान मोकळा होतो." काकांनी त्याच दिवशी रद्दी उतरवली. पोर आपल्या हातचा भात पोटभर खाईल, एवढं एकच त्यांना हवं होतं.

कुकर बाहेर निघाला, पण बटणांवर सगळं इंग्रजी. सूनबाईने मला व्हिडिओवर दाखवलं आणि मी भाताचं बटण हेरून त्यावर खूण करायला माझी टिकली आणायला निघाले. काका म्हणाले, "थांब." आत जाऊन कपाटातून काकींच्या टिकल्यांचं पाकीट घेऊन आले. त्यातली एक लाल टिकली त्या बटणावर लावली. मग म्हणाले, "हां. आता आपला वाटतो."

पहिल्या रविवारी त्यांनी एकट्याने प्रयोग केला. दुपारी बेल वाजली. दारात काका, चेहरा पडलेला. "यो कुकर मुका हाय गो. कवापासून बसलोय, शिट्टीच नाय वाजत." मी जाऊन पाहिलं तर भात कधीच शिजून आत नुसता गरम राहत पडला होता. ह्याला शिट्टी नसते, एक बारीकशी पीप होते, असं मी सांगितलं, तर काकांनी कुकरकडे असं पाहिलं जसं काही तो जेवायला बोलावूनही तोंड उघडत नव्हता. "पीप?" ते म्हणाले. "भात झाला तर घराला कलायला नको?"

दुसऱ्या रविवारी त्यांनी पेजेची सोय केली. म्हणजे बासमतीवर बोटाची दोन पेरं पाणी. भात झाला की पेज ओतून घ्यायची, आहे काय त्यात! झाकण उघडलं तर आत खीर. त्यात ते पेला बुडवून पेज शोधत होते. मी हसू दाबायचा प्रयत्न केला, जमला नाही. तेही हसले, काकी गेल्यानंतर पहिल्यांदा एवढं मोठ्याने. ती खीर त्यांनी दोन दिवस सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर खाल्ली, कारण भात टाकायचा नाही म्हणजे नाही.

मग आम्ही दोघांनी रीतसर सुरुवात केली. खरं सांगायचं तर मलाही धड येत नव्हतं. तांदूळ जुना हवा, नव्याचा गोळा होतो, हे मात्र काकांनीच सांगितलं. दुकानात ते मूठभर बासमती तळहातावर घेऊन हुंगायचे आणि दुकानदाराला विचारायचे, "किती उन्हाले बघितलेत यानी?" तांदूळ पाणी स्वच्छ निघेपर्यंत हलक्या हाताने धुवायचा. अर्धा तास भिजत घालायचा, मग पूर्ण निथळायचा. वाटीला वाटीभर पाणी, वर चमचाभर जास्त. थोडं मीठ, थोडं तूप. पीप झाली की लगेच वाफ सोडायची नाही, झाकणावरचा वाफेचा दट्ट्या आपोआप खाली बसेपर्यंत हात लावायचा नाही. हे थांबणं काकांना जड जायचं. ते कुकरसमोर खुर्ची टाकून, हात मांडीखाली दाबून बसायचे. शेवटी झाकण काढून भात काट्याने अलगद सोडवायचा. त्यांच्या घरात काटा नव्हता, तो ते आमच्याकडून न्यायचे आणि धुऊन, पुसून, दोन्ही हातांनी परत करायचे.

सगळं बरोबर होत होतं, तरी भात बिघडत होता. आणि बिघडायचा तोही विचित्र. बरीच शितं लांब, सुटी, सुरेख, आणि मधेच काही दाताखाली कचकचणारी. रविवारमागून रविवार गेले. काका वाडगा घेऊन मजल्यावरच्या प्रत्येक घरी जायचे आणि खाणाऱ्याच्या जबड्याकडे बघत उभे राहायचे. सगळे "छान झालाय" म्हणायचे. काका म्हणायचे, "खोटा बोलतंस. कच आला, मी ऐकला." नोव्हेंबर उजाडला तरी कच जाईना आणि काकांची झोप उडाली. मला म्हणाले, "पोर परत सॉरी बोलली तर मी काय करू गो?"

त्या रविवारी मी ठरवलं की पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं बघायचं. काकांनी तांदूळ भिजवला, निथळला, पाणी मोजलं, तूप घातलं. झाकण उचललं. आणि लावता लावता डावा हात डब्यात घालून कोरड्या तांदळाची एक मूठ वर टाकली, इतक्या सहज, की मी समोर उभी नसते तर ते त्यांनाही आठवलं नसतं.

"काका, हे काय?"

"काय?"

"ही मूठ?"

"येनाऱ्याची," ते म्हणाले. त्यांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

काकींच्या भरपूर पाण्याच्या पातेल्यात ती मूठ खपून जायची. इथे भिजलेल्या, मोजक्या पाण्यातल्या बासमतीत ती कोरडी मूठ कच्चीच राहत होती. मी त्यांना समजावलं, की मूठ टाका, पण तीही आधी भिजवा आणि तिच्या वाटणीचं पाणीही घाला. काका एकदम बिथरले. "येनारा आधी सांगून येतो काय? आधी भिजत घातली तर ती येनाऱ्याची कशी? ती मंग आपलीच झाली." मला वाटलं, आता काका बासमतीचा नाद सोडतील, पण मूठ सोडणार नाहीत. काकींकडून त्यांच्याकडे राहिलेलं तेवढंच तर होतं.

दोन दिवस काका लिफ्टसमोर दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर उभे. जेवलीस का वगैरे काही नाही. म्हणाले, "मी विचार केला. ईशाचा तिकीट काढलेला हाय. ती सांगूनच येनार हाय. तिची मूठ भिजवायला हरकत नाय." आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुजी काकी असती तर तीपन बोलली असती, भिजव." लिफ्टचं दार लागेपर्यंत ते तसेच उभे होते.

पुढच्या रविवारचा भात मी कधी विसरणार नाही. ताटात ओतला आणि शीत न शीत वेगळं झालं. काकांनी एक दाणा बोटांत धरून उजेडाकडे केला. "सुंदर हाय," ते म्हणाले. आणि मग अगदी प्रामाणिकपणे, "मना नाय आवडत. यो एकमेकांशी बोलतच नाय."

डिसेंबरात मंडळी आली. दुसऱ्या दिवशी आम्हाला साताऱ्याला निघायचं होतं, तरी काकांनी मला त्याच दुपारी बोलावून घेतलं. "तू पायजेस. पीप मना ऐकू नाय आली तर?" ईशा वर्षभरात बरीच उंच झाली होती, पुढचे दोन दात पडले होते. ती पाटावर मांडी घालून बसली. काकांनी वरण-भात वाढला, तूप सोडलं आणि मागच्यासारखे समोर बसले नाहीत. खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले. खाली पार्किंगमध्ये काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं दाखवत होते. नीलेश त्यांना बसा म्हणत होता, ते ऐकत नव्हते. मी त्यांच्या मानेकडे बघत होते, ती ताठ झाली होती.

पोर जेवत होती. चमचा बाजूला ठेवून तिने हाताने खायला सुरुवात केली, बोटांना लागलेलं चाटलं, आणि मग रिकामं ताट वर धरून म्हणाली, "आजा, अजून."

काका वळले. ताटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "आनतो," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

गेले ते येईचनात. इकडे ईशा ताटावर बोटांनी ताल धरत होती. मला वाटलं झाकण अडकलं असेल, म्हणून मी आत गेले. काका ओट्यासमोर उभे होते. झाकण काढलेलं होतं, वाफ वर येत होती, हातात पळी होती आणि ते भात घेत नव्हते. चाहूल लागल्यावर त्यांनी टॉवेल डोळ्यांना लावला, पण उपयोग झाला नाही.

"खाल्लान गो तिनी," ते म्हणाले. "सगला खाल्लान. आता मी सांगू कोनाला?"

बाहेर सगळी होती, मुलगा, सून, नात. तरी ते काय म्हणत होते ते मला कळलं. ज्या एका माणसाला धावत जाऊन सांगावं ते माणूस घरात नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आजाऽऽ, भात!" बाहेरून हाक आली.

"आलू गो, आलू," काका म्हणाले. त्यांनी नाक पुसलं, ताटली भरून घेतली, पडदा कोपराने बाजूला केला आणि बाहेर गेले.

आम्ही साताऱ्याहून परतलो तोवर ते वटारला गेले होते. त्या दुपारनंतर मी त्यांना पाहिलं नाही.